इडूबाईची माळ

ओर्लेमच्या कॉन्व्हेंटात, मागच्या अंगाला,
म्हाताऱ्या सिस्टरांची माडी आहे.
तिथं मी रात्रपाळीला असते, सिस्टर कॅसिल्डापाशी,
आणि मांडीवर माझा डबा असतो,
काचमणी, पितळी हूक, नायलॉनचा दोरा.
डझनाला नऊ रुपये. पहाटेपर्यंत चार डझन होतात,
ती झोपली तर.

ती झोपत नाही.
गळ्याची गाठ काढलीय परळला, दोनदा.
आवाज आता सुपात पाखडल्यासारखा,
फोलपट फार, दाणा थोडा.
तरी बोलते.

"हौसा, एक राणी होती," म्हणते,
"तेराशे वर्षं झाली. पाणथळ मुलखात,
वामांचं बेट म्हणायचे त्याला."
मढसारखं का?
"मढसारखंच. थंडी घाल वरून."
नाव सांगितलं एथेलड्रेडा.
ते माझ्या जिभेवर बसेना, मी तिला इडूबाई केलं.
सिस्टर हसली. टाके ताणले असणार.

तर इडूबाईची दोन लग्नं.
पहिला मेला. दुसरा राजाचा पोरगा, तिच्यापेक्षा लहान.
बारा वर्षं तिनं त्याला अंगाला हात लावू दिला नाही.
बारा वर्षं!
माझ्या चिमटीतला मणी सुटला, घरंगळत पलंगाखाली गेला.
आमच्या खोलीत मधे एक साडी टांगलेली होती,
लावायला दार नव्हतं.
हे मी बोलले नाही.

मग ती निघाली. दोन बायका सोबत,
मागून नवऱ्याचे घोडे.
एका टेकडावर चढल्या आणि भरती आली,
सात दिवस ओसरलीच नाही.
"लोक चमत्कार म्हणतात," सिस्टर म्हणाली,
"पण मी भाटीची, कोळ्याची लेक.
सात दिवस भरती थांबत नाही गो कुणासाठी.
तोच कंटाळला असणार."
थोडं पाणी प्याली.
"पुरुष कंटाळून परत गेला, तो काय लहान चमत्कार?"

पुढं तिनं मठ बांधला.
बाया आणि बुवे दोन्ही तिच्या शब्दात.
अंगावर फक्त लोकर.
ऊन पाण्यानं न्हायची ती मोठ्या सणांनाच,
आणि तेव्हाही आधी बाकीच्यांना न्हाऊ घालून,
सगळ्यांच्या शेवटी.
इथं माझा दोरा थांबला.
दर शनिवारी मी सिस्टरला न्हाऊ घालते
आणि बादलीत तळाला उरतं त्यात पाय बुडवून बसते जराशी.
मला वाटलं होतं, तिला दिसत नाही.

"शेवटी तिलाही गाठ आली. इथंच."
बोट टाक्यांवर.
"म्हणाली, बरं झालं. तरणेपणी याच गळ्यात
सोन्यामोत्यांचं ओझं मिरवलं, त्याची फेड."
मग संत झाली. तिच्या नावानं जत्रा भरू लागली,
जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती.
नाव झिजत झिजत ऑड्री झालं,
फितीही स्वस्त होत गेल्या,
आणि भडक, फालतू मालाला
इंग्रजांनी तिचंच नाव ठेवलं, टॉड्री.
"म्हणजे हा तुझा डबा."

मला राग आला. कुणासाठी ते कळेना.
राजाची लेक म्हणून तिला बेट मिळालं,
मी निघाले तेव्हा मला मालवणीत भाड्याचा कोपरा.
मी विचारलं, सोबतच्या त्या दोघी, त्यांची नावं काय?
"होती. आठवत नाहीत."
आणि सणाला ते पाणी कोण तापवायचं?

खाली गल्लीत कुत्रं भुंकलं, थांबलं.
सिस्टर बराच वेळ छताकडे बघत होती.
"हे मला कुणी विचारलं नव्हतं," म्हणाली.
"वर गेले की पहिलं हेच विचारते तिला."

मग हात पुढं केला. मी हिरव्या मण्यांची एक माळ दिली.
वाटलं, गळ्यात धरून बघेल, किंवा जप करील.
तिनं हूक दोनदा लावला, दोनदा काढला,
दिव्यापाशी नेऊन पाहिला.

"ढिला आहे," म्हणाली,
आणि झोपली.

साडेतीन डझन झाले त्या रात्री.
तो हूक मी पुन्हा बसवला.